देवमाशांची हरकत नाही

ज्याअर्थी तक्रार नाही त्याअर्थी सुख आहे, हे कारभाराचं मूलतत्त्व होय. बंदराच्या ध्वनी विभागाचे हेडक्लार्क हे तत्त्व कोळून प्यायले होते.

खाडीत नव्या धक्क्यासाठी पोलादी खांब ठोकायचे होते. नियमाप्रमाणे बाधितांच्या हरकती मागवणं आलं, आणि बाधितांत देवमासेही होते. म्हणून पाण्यात माइक सोडला, हेडफोन लावून मोजायला एक बाई नेमल्या आणि देवमाशाची एक हाक म्हणजे एक हरकत असं ठरलं. (देवमाशांना अर्ज लिहिता येत नसल्यानं ही खास सवलत.)

काम सुरू होण्याआधीच्या आठवड्यात हरकती आल्या चारशे बारा. हेडक्लार्कांनी जादा फायली मागवल्या. मग ठोकाठोक सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात एकोणसाठ, तिसऱ्यात दोन. कामामुळे तक्रारी घटल्याचं असं उदाहरण विभागाच्या इतिहासात नव्हतं. त्यांनी आलेख भिंतीवर लावला, आणि मान तिरकी करून दोनदा पाहिला.

तेवढ्यात बाई आत आल्या.

"साहेब, ते खूश नाहीयेत. या दणक्यात एकमेकांचं ऐकूच येत नाही, म्हणून गप्प झालेत. बरेचसे निघून गेले. बोलणारी एक आई तेवढी राहिलीय, त्या दोन हाका तिच्याच. पिल्लू चुकलंय तिचं. आठ दिवस काम थांबवा, सापडेल तिला."

"पिल्लाची हरकत आलीय?"

"अहो, त्याला तिची हाकच पोचत नाही, तर ते ओ कुठून देणार?"

"म्हणजे नाही आली." हेडक्लार्क मायेनं म्हणाले, "बाई, आई म्हटली की हाका मारणारच. माझीही मारते दिवसभर. मी कुठे ओ देतो? चाललंय ना आमचं?"

बाईंना रडू आलं. हेडक्लार्कांनाही वाईट वाटलं. (हरकतीच्या छापील नमुन्यात वाईट वाटण्याचा रकाना नाही.) काम चालू राहिलं.

चौथ्या आठवड्यात एकही हाक आली नाही. फाइलवर 'सर्वसंमती' असा शिक्का बसला.

हरकती नागरिकांकडूनही मागवल्या होत्या. नोटीस महिनाभर विभागाच्या दारावर होती. तिथला आकडा मात्र पहिल्या आठवड्यापासूनच शून्य. वाचकहो, आपल्याला गप्प करायला एकही खांब ठोकावा लागला नाही, याबद्दल विभाग आपला ऋणी आहे.