आधी पाहुण्यांनी बसावे

माझ्याइतकं जग कळलेला माणूस आमच्या घराण्यात आजवर झालेला नाही! हे मी नाही, माझं ग्लोबल स्टडीजचं प्रमाणपत्र म्हणतं. आत्याला ते मान्य नव्हतं, हा भाग वेगळा.

"म्हणजे भूगोलच ना गं?" ती दर भेटीत विचारायची.

"भूगोल नाही आत्या! राजकारण, भाषा, व्यापार, संस्कृती... सगळं!"

"सगळं शिकून नोकरी कसली मिळते?"

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आमच्या विभागप्रमुख बाईंनी 'पुढे काय?' या विषयावर व्याख्यान दिलं होतं. पडद्यावर पृथ्वीचा गोळा आणि त्यातून निघालेले अकरा बाण: वकिलात, मदतसंस्था, पत्रकारिता, निर्यात आणि काय काय. मी मनात वकिलात पक्की केली. वर्षभर अर्ज करकरून लागले कुठे, तर नळाच्या वॉशरच्या कारखान्यात! निर्यात विभाग म्हणजे मी आणि एक डुगडुगणारं टेबल. तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. माझ्या शिक्षणासाठी बाबांनी चार वर्षं एकही रविवार घरी काढला नव्हता, शिकवण्या घेत हिंडले. त्यामुळे कायम होणं भागच होतं.

सहाव्या महिन्यात परदेशातून आठ पाहुणे येणार असं ठरलं. साहेब म्हणाले, "ऑर्डर मिळाली तर निर्यात विभाग राहील. विभाग राहिला तर तू राहशील."

"निर्धास्त राहा साहेब! चार वर्षं हेच तर शिकलेय!"

दोन दिवस खपून मी शिष्टाचाराचा कागद तयार केला. बावीस नियम! पाहुणे बसल्याशिवाय बसू नये. पाहुण्यांनी सुरुवात केल्याशिवाय बोलू नये. घरच्या चौकशा करू नयेत. दात दाखवून हसू नये. साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांकडून पाठ करून घेतला. चहाच्या मावशींनाही एक प्रत दिली. फोरमनकाकांनी तर आरशासमोर उभं राहून न हसण्याचा सराव केला. ते एरवीही हसत नाहीत, पण मेहनत घेतली बिचाऱ्यांनी.

पाहुणे आले. आठ ते, आठ आम्ही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या. आम्ही आपापल्या खुर्चीमागे उभे राहिलो. तेही उभे राहिले.

आम्ही थांबलो. तेही थांबले.

एक मिनिट गेलं. चार मिनिटं गेली. खोलीत शोकसभेची शांतता! साहेब ओठ न हलवता पुटपुटले, "हे बसत का नाहीत?"

"त्यांच्याकडे शांततेला फार मान असतो, साहेब."

"आणि माझ्या गुडघ्यांना?"

सातव्या मिनिटाला फोरमनकाकांना शिंक आली. शिंकेचा नियम कागदात नव्हता! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी डोळे वटारले, आणि काकांनी शिंक गिळली. चेहरा टोमॅटोसारखा लाल. समोर पाहुण्यांच्या मुख्य बाई मात्र पांढऱ्या पडत चालल्या होत्या. त्यांनी शेजारच्या चष्मेवाल्या तरुणाकडे पाहिलं. त्याने खिशातून एक कागद काढला, चोरून वाचला आणि नकारार्थी मान हलवली. मग बाईंनी पर्स खांद्याला लावली.

निघाल्या! डोळ्यांसमोर बाबांचे सगळे रविवार उभे राहिले.

तेवढ्यात पायाने दार ढकलत मावशी आत आल्या. हातात चहाचा ट्रे.

"अगं बाई! सगळे उभे का? कुणी गेलं की काय?"

मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला, मुख्य बाईंच्या दंडाला धरलं आणि त्यांना खुर्चीत बसवलंच!

"बसा हो! चहा गार होतोय. मुलं किती तुम्हाला?" असं म्हणत त्यांनी एक हात कमरेइतका आणि दुसरा खांद्याइतका धरून दाखवला.

बाईंनी दोन बोटं वर केली आणि त्या फोनमधले फोटो काढून दाखवू लागल्या. भराभर खुर्च्या सरकल्या. काकांची अडकलेली शिंक बाहेर पडली आणि सोळाच्या सोळा माणसं हसली. दात दाखवून!

चष्मेवाला तरुण माझ्याजवळ आला. "माफ करा, नियम मीच लिहिले होते," असं इंग्रजीत म्हणत त्याने कागद पुढे केला. यजमान बसल्याशिवाय बसू नये. यजमानांनी सुरुवात केल्याशिवाय बोलू नये... सव्वीस नियम! माझ्यापेक्षा चार जास्त!

"तुमचं शिक्षण काय?" मी विचारलं.

"ग्लोबल स्टडीज," तो खाली मान घालून म्हणाला.

दोन वर्षांची ऑर्डर मिळाली. मी धावत जाऊन मावशींना मिठी मारली.

"मावशी, तुम्ही माझा कागद वाचलाच नाही?"

"तो जाडसर होय? तुझं टेबल डुगडुगत होतं ना, घडी करून पायाखाली सारला. बरा बसला गं!"

खरंच की! दोन दिवस टेबल हललं नव्हतं आणि मला पत्ताही नव्हता. माझं टेबल आणि माझी नोकरी, दोन्ही या बाईने स्थिर केली. मला तिथेच रडू आलं. कायम झाल्याचं पत्र बाबांनी तीनदा वाचलं, आणि पुढच्या रविवारी ते दुपारपर्यंत झोपले. मावशींचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

मागच्या महिन्यात विभागप्रमुख बाईंचा फोन आला. "यंदाच्या मुलांना सांगायला ये, पुढे काय काय करता येतं ते." मी मावशींना सोबत घेऊनच गेले. म्हटलं, बारावा बाण मुलांनी प्रत्यक्षच बघावा!

मंचावर तीन खुर्च्या होत्या.

"बस ना," बाई म्हणाल्या.

"आधी तुम्ही, बाई."

"छे! आज तू पाहुणी."

"पण तुम्ही गुरू!"

साठ मुलं वह्या उघडून ताटकळली होती. मावशी मात्र मधल्या खुर्चीत केव्हाच बसल्या होत्या.