डोमाजी अस्वलाच्या गाडीचं गळकं सील

एका जंगलात, बाळांनो, डोमाजी नावाचं एक अस्वल होतं आणि त्याच्याकडे एक गाडी होती. अस्वलाकडे गाडी आली कुठून, असं विचारू नका. गोष्टीच्या सुरुवातीलाच असले प्रश्न विचारणारी मुलं वाघाला फार आवडतात.

डोमाजीच्या घरी त्याची म्हातारी आई होती. सगळं जंगल तिला भागरतामाय म्हणे. मायचे गुडघे कामातून गेले होते. ती एकदा बसली की बसली. तिला उठवायला दोन धडधाकट रानडुकरं लागत, आणि तीही जेवलेली असावी लागत.

मायचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. डोंगरापलीकडे मोहाची झाडं होती. चैत लागला की तिथे पहाटे फुलांचा सडा पडायचा. जन्मभर माय ती फुलं खायला चालत गेली होती. गुडघे गेल्यापासून डोमाजी तिला गाडीतून नेत असे. हे सुख थोड्याच दिवसांचं. त्यातही ऊन चढलं की हरणं येऊन सगळं साफ करत.

यंदा चैत लागला आणि गाडीला पेट्रोलचा वास यायला लागला.

"माये, इंजेक्टरचं सील गळून रायलं," बॉनेट उघडून डोमाजी म्हणाला.

"मले समजंल असं सांग," माय म्हणाली.

मग त्याने सांगितलं. तुम्हीही ऐका. इंजिनाला पेट्रोल पाजणाऱ्या चार लहान तोट्या असतात. त्यांना इंजेक्टर म्हणतात. त्यांच्या डोक्यावरून एक आडवी नळी जाते, ती चौघींना पेट्रोल वाटते. तोटी नळीच्या भोकात जिथे शिरते, तिथे रबराची एक बारीक कडी असते. तेच सील. ते वाळून चिरलं की पेट्रोल तापलेल्या इंजिनावर टपकतं. मग एक ठिणगी पडते आणि गोष्ट तिथेच संपते.

"मंग साळिंदराच्या गॅरेजात ने ना."

"त्याच्याकडे चैत सरेपर्यंत नंबर नाही लागत. मी घरीच करतो. मोबाईलवर पायलं मी."

मायने डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाली, "यंदाचा मोह चुकला, त पुढच्या सालचा म्या कोणाच्या भरवशावर धरू रे?"

डोमाजीला भडभडून आलं. तो तडक पाना आणि नव्या कड्या आणायला गेला.

आता मोबाईलवरच्या व्हिडिओत त्याने काय पाहिलं? दूर बर्फात राहणारं एक पांढरं अस्वल होतं. त्याचे हातमोजेही पांढरे आणि त्यावर एक डाग नाही. ते सांगत होतं: आधी पेट्रोलचा दाब सोडा. बॅटरीची तार काढा. विस्तव जवळ आणू नका. नव्या कडीला तेलाचं बोट लावा, म्हणजे ती बसताना चिरत नाही. डोमाजीने सगळं मन लावून पाहिलं. शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा त्याने मोबाईल बंद केला. शेवटी हे लोक आभार मानतात, ते कशाला ऐकायचं, असं त्याला वाटलं.

पण पांढरं अस्वल आभार मानत नव्हतं, बाळांनो. ते म्हणत होतं, जुन्या कड्या चारही निघाल्या का ते बघा, आणि गाडी सुरू करण्याआधी किल्ली अर्धी फिरवून इंजिनाशी नाक लावा.

"पुरा पायला का?" मायने विचारलं.

"पायला ना माये," डोमाजी म्हणाला.

त्या जंगलात एक रीत होती. कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडलं की सगळ्यांनी गोळा व्हायचं. गोळा झालेला प्राणी चहा घेतल्याशिवाय हलत नसे, आणि सल्ला दिल्याशिवाय चहा घेत नसे. डोमाजीने बॅटरीची तार सोडेपर्यंत वानरांनी मांडव घातला होता. तरसाने खुर्च्या मांडल्या. मधल्या खुर्चीत हिकमतराव कोल्हे येऊन बसले. ते जंगलातल्या हितचिंतक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे गाडीबद्दल त्यांचं मत कधी डळमळत नसे.

"उजव्या अंगाने सुरू कर," हिकमतराव म्हणाले.

"काहून?"

"शुभ असते."

डोमाजीने उजवीकडून सुरुवात केली. नळी उचलली. एकेक तोटी बाहेर आली. तीन तोट्यांबरोबर तीन जुन्या कड्या आल्या. चौथी मात्र वर नळीच्या भोकातच चिकटून राहिली. डोमाजी वाकून बघणारच होता, तेवढ्यात चहा आला.

चहा झाल्यावर त्याने नव्या कड्या चढवल्या, तेलाचं बोट लावलं, नळी दाबून बसवली. चौथी तोटी जरा कुरकुरली. भोकात जुनी कडी होती, तिच्यावर नवी जाऊन बसली, आणि एका खुर्चीत दोन अध्यक्ष बसल्यावर जे होतं तेच झालं.

"जुन्या कड्या तीनच दिसून रायल्या," डोमाजी पुटपुटला.

"नव्या चार लागल्या ना? मंग झालं," हिकमतराव म्हणाले. "जुन्याचा हिशोब ठेवूनच हे जंगल मागं रायलं."

टाळ्या पडल्या. तरस हसलं. तरस तसं नेहमीच हसतं, पण डोमाजीला हुरूप आला.

आता दुसरी रीत. दुरुस्त झालेली वस्तू आरती केल्याशिवाय वापरायची नाही. लगेच नारळ आला, हार आला, मांडवाच्या दाराशी धूप पेटला. ताटात कापूर ठेवला.

"पण त्या व्हिडिओत विस्तव जवळ आणू नका म्हणते," डोमाजी म्हणाला.

"आरतीची ज्योत म्हणजे विस्तव नाही, लेका. तिच्यात भाव असतो," हिकमतरावांनी समजावलं. "तू गाडीतली टेप लाव, म्हणजे आरतीला गाणं होईल."

डोमाजीने बॅटरीची तार जोडली आणि टेपसाठी किल्ली अर्धी फिरवली. टेप वाजली. तशी पेट्रोलची मोटरही फिरली. नळीत पेट्रोल आलं आणि चौथ्या तोटीपाशी टप टप गळू लागलं. कुणाला कळलं नाही. सगळ्यांच्या नाकात धूप होता.

"वास येऊन रायला," माय म्हणाली. ती गाडीजवळच्या दगडाला धरून उभी होती.

"धुपाचा हाय, माय," हिकमतराव म्हणाले.

"पेट्रोलचा हाय."

"आरतीत बोलू नये."

हिकमतरावांनी कापूर पेटवला आणि ताट घेऊन ते उघड्या बॉनेटकडे निघाले. वानरं टाळ वाजवू लागली. डोमाजी हात जोडून, डोळे मिटून, कृतार्थ होऊन उभा होता. मायने दोन वेळा हाक मारली, पण टाळांपुढे तिचं कोण ऐकणार?

मग मायने पंजा मारून ताट खाली पाडलं आणि ती त्यावर बसली.

चर्र आवाज झाला. केस जळाल्याचा वास सुटला. टाळ थांबले.

"अपशकुन," हिकमतराव कसेबसे म्हणाले. "उठवा तिले."

दोन रानडुकरं धावली. त्यांनी जोर लावला. पण ती सकाळपासून नुसत्या चहावर होती.

"म्या नाई उठत," माय म्हणाली. "पयले त्याले म्हणा, नाक लाव. अस्वलाच्या पोटी जल्मला, अन् मोबाईलले विचारते वास येते का म्हणून."

डोमाजीने टेप बंद केली. इंजिनाशी नाक नेलं. इंजिनावर पेट्रोल साचलं होतं. आपली माय कशावर बसली आहे आणि का, हे त्याला तेव्हा कळलं. तो तिच्या गळ्यात पडून रडला.

"रडशीन मंग," माय म्हणाली. "चैत चालला."

पेट्रोल पुसून, वारा लागू देऊन डोमाजीने नळी पुन्हा काढली. जुनी कडी भोकात खोल बसली होती. पाना पोचेना, नखही पोचेना. मायने नळी तोंडाशी मागितली. वारुळातून वाळवी कशी काढतात ते प्रत्येक अस्वलाला ठाऊक असतं. आधी फुंकायचं, मग ओढायचं. मायने फुंकलं. मग ओठांचा चंबू करून असं ओढलं, की हिकमतरावांचा फेटा हलला. फट्ट करून कडी तिच्या तोंडात आली.

"वाळवी बरी," ती थुंकून म्हणाली.

या वेळी डोमाजीने नळी पुन्हा बसवून किल्ली अर्धी फिरवली आणि स्वतः नाक लावलं. मग मांडवातल्या सगळ्यांनी लावलं. एक थेंब गळत नव्हता. गाडी सुरू झाली. वानरं गाडीच्या टपावर नाचली, रानडुकरं एकमेकांना धडका देऊ लागली, आणि तरस पहिल्यांदाच कारण असताना हसलं.

मग सत्कार झाला. आरती अर्धी झाली तरी एवढा गुण आला, असं सर्वांचं मत पडलं. हार हिकमतरावांच्या गळ्यात गेला. मायला बसल्या जागी प्रसादाचं खोबरं मिळालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे डोमाजी मायला घेऊन गाडीपाशी आला, तर गाडी भरलेली. मागे रानडुकरं, टपावर वानरं, डिकीत तरस. पुढच्या सीटवर हार घातलेले हिकमतराव.

"माय, तुमाले दुसऱ्या फेरीले नेऊ," ते प्रेमाने म्हणाले. "काही बिघाड झाला त जाणकार पुढं पायजे."

दुसऱ्या फेरीपर्यंत हरणं येणार होती. हे डोमाजीला ठाऊक होतं. पण पाहुण्याला उतर म्हणायची त्या जंगलात रीत नव्हती. तो रडवेला होऊन मायकडे बघत राहिला.

मायने दार उघडलं, हिकमतरावांकडे एकदा नीट पाहिलं आणि ती त्यांच्यावर बसली.

"चाल आता," ती म्हणाली.

गाडी डोंगर चढली, उतरली, मोहाखाली जाऊन उभी राहिली. सडा तसाच होता, पिवळा आणि ओलसर. डोमाजी ओंजळी भरभरून आणत होता आणि माय सीटवरच बसून खात होती. ती ऊन चढेपर्यंत खात होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू होतं. खालून अधूनमधून सल्ला ऐकू येई, पण शब्द कळत नसत.

तात्पर्य : बाळांनो, कोणतीही माहिती शेवटपर्यंत पाहू नये. पाहिली तर वस्तू पहिल्या खेपेलाच दुरुस्त होते, आणि मग हार कुणाच्या गळ्यात घालायचा हा मोठाच प्रश्न पडतो. म्हाताऱ्या माणसांचंही ऐकू नये. फक्त ती कुठे बसणार आहेत ते आधी विचारून घ्यावं.