एकाच दांडीचा कारभार

रविवारी दुपारी सुटसुटीतरावांनी बायकोची मोटार लावलेली सायकल थेट बैठकीच्या खोलीत आणली आणि पाना घेऊन तिच्या हँडलशी भिडले. सुटसुटीतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते कचेरीत उपप्रमुख होते आणि दिसेल ते सोपं करून टाकायचं त्यांना वेड होतं, म्हणून लोक पाठीमागे तसं म्हणत. त्यांनी कचेरीतल्या चार खिडक्यांची एक खिडकी केली होती. तेव्हापासून रांग पार रस्त्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत जाई, आणि आत कसं मोकळं मोकळं वाटतं, असं सुटसुटीतराव अभिमानाने सांगत.

सोमवारी विभागप्रमुखाच्या पदासाठी मुलाखत होती. या खुर्चीवर डोळा ठेवून त्यांनी उभी नोकरी काढली होती. शर्यतीत दुसऱ्या होत्या फक्त हिशेबनीस बाई. मुलाखत घेणाऱ्या मोठ्या साहेबांना नुसतं बोलून नाही, करून दाखवायचं, असं सुटसुटीतरावांनी ठरवलं होतं.

हँडलवर दोन ब्रेक, एक क्लच, वेगाची मूठ आणि मोटार बंद करायचं बटण एवढी गर्दी होती. बाईमाणसाने किती म्हणून सांभाळायचं, असं ते कळवळून म्हणाले. बायको कित्येक वर्षं त्याच सायकलवरून दवाखान्यात कामाला जात होती आणि तिची काही तक्रार नव्हती, पण तिला विचारतो कोण? संध्याकाळपर्यंत दोन्ही ब्रेक आणि क्लच एकाच दांडीला जोडले गेले. वेग मध्यम ठेवून कायमचा बांधून टाकला, कारण मध्यमवर्गीय माणसाला त्याहून जास्त लागत नाही. बंद करायचं बटण आणि पेट्रोलची चावी विसरायला होतं म्हणून तीही काढून टाकली. दांडी दाबली की गाडी थांबणार, सोडली की चालणार.

"आणि बंद कशी करायची?" बायकोने विचारलं.

"अगं, थांबल्यावर बंद करायचीच कशाला?"

बायको पोळ्या लाटायला आत गेली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

सकाळी दांडी दाबून पायडल मारायला जावं तर ब्रेक लागत, आणि सोडून मारावं तर मोटार चाक अडवून धरी. शेवटी शेजारच्या दोघांनी उतारावरून ढकललं आणि सुटसुटीतराव फटफटत निघाले. कचेरीच्या आवारात त्यांनी ऐटीत दांडी दाबली. सायकल जागच्या जागी थांबली. ते खाली उतरले, दांडी सोडली, आणि सायकल त्यांना घेऊन निघाली. घाईघाईने त्यांनी पुन्हा दांडी दाबली. अडकले ते तिथेच.

कारकून येत होते, नमस्कार करत होते, आत जात होते. मोटार ठणठणत होती. कोणी विचारलं तर सुटसुटीतराव म्हणत, मोठ्या साहेबांना प्रात्यक्षिक दाखवायचंय, मुद्दाम थांबलोय. तेही त्या एका खिडकीत पिचलेले लोक, मदत कशाला करतील? उलट गच्चीवर जाऊन मजा बघू लागले. तिकडे आत हिशेबनीस बाईंची मुलाखत सुरू झाली. इकडे सुटसुटीतरावांच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. अखेर त्यांनी शिपायाबरोबर निरोप धाडला, की मोठ्या साहेबांनी कृपा करून बाहेर यावं, नाहीतर एका मोठ्या सुधारणेला मुकतील.

बाईंची मुलाखत अर्धवट टाकून मोठे साहेब बाहेर आले.

"साहेब, एकदा स्वतः दाबून बघा," सुटसुटीतराव म्हणाले.

मोठ्या साहेबांनी दांडी हातात घेतली. सुटसुटीतरावांनी हात झटकला आणि त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला.

"छान आहे. आता हे बंद करा," साहेब म्हणाले.

"सोडू नका, साहेब. सोडलीत तर रांगेत घुसेल."

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की मुलाखत घेणारा उठून जाऊ शकत नाही, असा योग जन्मात पुन्हा येणार नाही. त्यांनी टेबलं कमी करण्यापासून सुरुवात केली. खुर्च्या झाल्या, सह्या झाल्या, रजा झाल्या. दोघांचं काम एकाकडे द्यावं, हे तर त्यांनी उदाहरणं देऊन पटवलं. मोठ्या साहेबांनी दांडी या हातातून त्या हातात घेतली, घाम पुसायला हात मात्र उरला नाही. गच्चीवरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

बऱ्याच वेळाने हिशेबनीस बाई बाहेर आल्या. आपली उरलेली मुलाखत होणार की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. साहेबांचा चेहरा पाहून त्या खाली वाकल्या, हाताला रुमाल गुंडाळला आणि मोटारीची एक वायर उपटली. आवारात एकदम शांतता झाली.

मोठ्या साहेबांनी बोटं एकेक करून सरळ केली. ते चिडतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ते फार गोड हसले.

"तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं," ते सुटसुटीतरावांना म्हणाले. "प्रमुख आणि उपप्रमुख, दोन माणसं हवीत कशाला? एक पुरे. बाई, उद्यापासून दोन्ही कामं तुम्ही बघा."

"आणि मी, साहेब?"

"तुम्ही खिडकीवर बसा. एकच आहे, शोधावी लागणार नाही."

सुटसुटीतराव अडकलेलं मागचं चाक उचलून धरून सायकल ढकलत घरी पोचले. बायको दारातच उभी होती.

"काय हो, मिळालं का पद?"

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि चपला काढल्या.

"सोपं केलं त्यांनी," ते म्हणाले.