थावरूभाऊची ट्रायल

थावरू आडे गाडीची ट्रायल घ्यायला जायचा तो स्वतःचं ओझं घेऊन. तुरीनं भरलेले चार कट्टे. शोरूमच्या चकचकीत फरशीवर एकेक करून ते आणून टाकायचा आणि सेल्समनला म्हणायचा, "हे भरा मांगं. मंग बोलू."

थावरूचे बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्या लदेणीचा एक नियम आजानं त्याच्या कानात घालून ठेवला होता : "रिकामा बैल पाहून जो सौदा करते, त्याची लदेणी शेजारच्या आर्णीलेबी पोचत नाही." बैल गेले, तांड्यावर थावरूची डिझेल पिकअप आली, पण नियम काही हलला नाही. पुतणीला पाहायला आलेल्या पोराच्या खांद्यावर त्यानं गव्हाचं पोतं दिलं होतं आणि विहिरीपर्यंत जाऊन यायला सांगितलं होतं. सोयरे भडकले. पोरगा मात्र निमूटपणे जाऊन आला, म्हणून लग्न झालं.

मी बाभुळगावचा, आता पेन्शनीत बसलेला मास्तर. त्याच्या तांड्यावरच्या शाळेत बारा वर्षं काढली, एवढ्या पुण्याईवर त्यानं मला धरून नेलं. "तुम्ही कागद वाचा गुरुजी, मी गाडी वाचतो."

त्याला बॅटरीवरची पिकअप पाहिजे होती. तांड्यावर सगळे हसले. मीही हसलो, याची आता लाज वाटते. कारण मला ठाऊक होतं, त्याला ती कशाला पाहिजे होती. त्याच्या बायकोच्या, कमलाबाईच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी यवतमाळला न्यावं लागायचं. एसटीच्या गर्दीत तिला उभं राहवत नसे, आणि त्या जुन्या पिकअपमध्ये सीटखालचं इंजिन तापलं, डिझेलचा वास आत आला, की ती ओकायला लागायची. जाताना ओकायची, येताना तर आतडी बाहेर पडतील असं वाटायचं. थावरू एका हातानं स्टेअरिंग आणि दुसऱ्या हातानं तिचं कपाळ धरून गाडी चालवायचा. शेवटी शेवटी ती म्हणायला लागली होती, "मले नाही यायचं. घरीच मरू द्या." ती नाही आली तर काय होईल, हे डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं.

यवतमाळच्या धामणगाव रोडवरच्या शोरूममध्ये बॅटरीची एकच पिकअप होती, तीही दाखवायची. विकणारे वानखडे माझ्याच वयाला टेकलेले. जन्मभर ट्रॅक्टर विकलेले, त्यामुळे तुरीचे कट्टे पाहून ते फारसे बिचकले नाहीत.

"केवढ्याची?" थावरूनं विचारलं.

वानखड्यांनी किंमत सांगितली. थावरूनं गाडीभोवती एक चक्कर मारली. "इंजिन नाही, सायलेन्सर नाही, गिअर नाही. इतकं सारं काढून घेतलं, तरी भाव काहून वाढला?"

मी माहितीपत्रक वाचत होतो. एका चार्जमध्ये किती किलोमीटर, ते मोठ्या अक्षरात होतं. रिकामी असताना की भरलेली, ते सापडेना.

"आज बुक केली तर गाडी कधी भेटते?"

"नागपूरहून येते. दोन महिने धरा."

"अन् बिघडली तर?"

"मेकॅनिकही नागपूरहून येते."

"म्हणजे गाडी नागपूरची, मेकॅनिक नागपूरचा, बिघाड तेवढा आमचा," थावरू म्हणाला. मग त्यानं कट्टे चढवले आणि ट्रायल घेतली. परत आल्यावर म्हणाला, "आज गाडी लाजून चालली. शुक्रवारी पुन्हा पाहू."

शुक्रवारी तुरीच्या कट्ट्यांऐवजी त्यानं कमलाबाईला आणलं. आपल्या डिझेलच्या गाडीतून तिला उतरवलं, तिचं तोंड धुतलं आणि बॅटरीच्या गाडीत पुढं बसवलं. मी आणि वानखडे मागं हौद्यात. गाडी निघाली, तरी कमलाबाई विचारत होती, "सुरू कर ना मंग, कायले थांबला?" रस्ता मागं सरकताना दिसला, तेव्हा तिला कळलं. मग बोलायला लागली ती थेट दवाखान्याच्या फाटकापर्यंत. मागच्या उघड्या काचेतून आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. थावरू तिच्या भावाच्या लग्नात मुंडासं कसा विसरला, त्यानं बकरी कशी स्वस्तात विकली, सासूपुढं तिच्यासाठी तोंड कसं उघडलं नाही. तीस वर्षांची उणीदुणी त्या एवढ्याशा रस्त्यात तिनं काढून दाखवली. थावरू शिव्या खात होता आणि हसत होता.

पण गाडी काही तो घेईना. दर खेपेला नवी खोड काढायचा. एकदा म्हणाला, हौदा ठेंगणा आहे. एकदा म्हणाला, चढावर पाहायची राहिली, आणि चढ पाहायला म्हणून दवाखान्यातून निघून थेट बाभुळगावच्या अलीकडपर्यंत गाडी नेली. तिथून पुढं घरी जायला त्याची डिझेलची पिकअप आम्ही मागून आणत होतो, म्हणजे वानखडे आणत होते आणि मी शेजारी बसून शरमेनं बाहेर बघत होतो. असे दीड-दोन महिने गेले. शेवटी मीच चिडलो. "थावरूभाऊ, त्या माणसाची नोकरी खाशील. घ्यायची का नाही, ते एकदाचं सांग."

"नाही घ्यायची."

"मग?"

"तांड्याची डीपी महिन्यातून दोनदा जळते, गुरुजी. रातभर लाइन नाही राह्यली अन् सकाळी मंगळवार असला, तर मी इले कशात नेऊ? डिझेल सरलं तर कोणी बाटलीभर देते. करंट कोण बाटलीत देते? हे मले पयल्याच दिवशी समजलं. पण त्या गाडीत ते ओकली नाही. दवाखान्यात जायले नाही म्हणत नाही आता. म्हणून ट्रायल घेऊन राह्यलो."

मी वानखड्यांना हे सांगायला गेलो. चहाचा पेला माझ्यापुढं सरकवत ते म्हणाले, "मास्तर, मी तीस वर्षं गिऱ्हाईक पाहून राह्यलो. मंगळवारी-शुक्रवारी ते गाडी मी दुसऱ्याले दाखवतच नाही."

एका शुक्रवारी कमलाबाई मशीनवरून उठलीच नाही. रक्तदाब उतरला, तो वर आलाच नाही. थावरू बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. कागदांवर सह्या केल्या, तिच्या बहिणीला फोन केला, चुलत्यांना लाकडं आणायला सांगितली. डोळ्यांत टिपूस नाही. मला त्याचा रागच आला, खरं सांगतो.

वानखडे बॅटरीची गाडी घेऊन आले. हौद्यात त्यांनी स्वतःच्या घरची सतरंजी अंथरली होती. "फुल चार्ज हाय, थावरूभाऊ. तांड्यापर्यंत न्या. वापस कशी आणायची ते मी पाहीन. मालक काय म्हणन ते म्हणो."

थावरूनं सतरंजीवरून हात फिरवला. मग त्यानं मान हलवली.

"आज नाही पाहिजे, साहेब. हे गाडी लय चूप हाय."

वानखड्यांना कळलं नाही. मलाही नाही. कमलाबाईला आम्ही जुन्या पिकअपमध्ये मागं निजवलं, दवाखान्यात पोचलेली तिची बहीण शेजारी बसली. मी पुढं बसलो. थावरूनं दोन्ही बाजूंच्या काचा वर केल्या, गाडी सुरू केली आणि शहराबाहेर पडताच अॅक्सिलरेटर पार खाली दाबला. ते म्हातारं इंजिन आमच्या बुडाखाली बोंबलायला लागलं. आणि मग थावरू रडला. गळा काढून, तिला नावानं हाका मारत रडला. मागं बसलेल्या मेहुणीला त्यातलं काही ऐकू गेलं नसेल.

बाभुळगाव मागं पडलं, तरी त्यानं गाडी दुसऱ्या गिअरमधून काढली नाही. तेवढ्या आवाजात मलाही रडून घेता आलं.