थाटीपुरातला कैदी

कान्होजींनी फौजेत बावीस वर्षं पहारा दिला होता. आता ते हिंदी मुलखातल्या थाटीपुरात घराचा पहारा देत. डोक्यावरची टोपी फक्त झोपताना उतरे.

घरच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरला तेव्हा त्यांनी आधी नात रुचिकाला झापलं. (शत्रू आत शिरला की चूक लहानांची. हा त्यांचा कायदा.) मग मुरारहून मेकॅनिक बोलावला. त्याने व्हायरस पकडला.

"दादाजी, मिटा दूँ कि क़ैद में रखूँ?"

"शरण आलेल्याला मारत नाहीत. कैदेत ठेव."

"नया एंटीवायरस डाल दिया है. पुराना हटा दूँ?"

"राहू दे. फाटकावर दोन पहारेकरी बरे."

झालं! नव्या पहारेकऱ्याने कैदी कोंडला, आणि जुना त्याला बघून दर तासाला किंचाळू लागला, "खतरा! खतरा!" व्हायरस केव्हाच गार पडला होता. बोंब तेवढी जिवंत होती.

रविवारी सकाळी कोल्हापूरचे जयसिंहराव मुलाला, संग्रामसिंहाला, घेऊन व्हिडिओवर रुचिकाला बघायला बसले. मुलगा तिला फोटोतच आवडला होता. तिचा जीव टांगणीला. जयसिंहरावांनी टोपी सावरून नमस्कार केला, तोच "खतरा! खतरा!"

"काय झालं हो?"

"काही नाही," कान्होजी ताठ बसून म्हणाले. "आत एकाला कोंडलंय. महिना झाला."

"कोणाला?"

"घरात शिरला होता. शरण आला म्हणून मारला नाही."

जयसिंहरावांनी खुर्ची मागे सरकवली.

"आबा, व्हायरस म्हणा ना! ये लोग डर जाएँगे!" रुचिका रडकुंडीला आली.

संग्रामसिंह मात्र खो खो हसला. तो कॉम्प्युटरच्याच नोकरीत होता. "आजोबा, जुन्या पहारेकऱ्याला रजा द्या, ओरडा थांबेल. रुचिका, कैद्याचं नाव दाखवता?"

रुचिकाने स्क्रीन दाखवली. कैद्याचं नाव ठळक अक्षरांत होतं: 'टकलावर पंधरा दिवसांत दाट केस'. घरात शिरल्याची वेळ, पहाटे पाच. त्या घरात पहाटे पाचला एकटे कान्होजी उठत.

कान्होजी खिडकीबाहेर बघू लागले. रुचिकाला वाटलं, मोडलं.

जयसिंहराव कॅमेऱ्याजवळ सरकले.

"सुभेदारसाहेब, मुलगी आम्हाला पसंत आहे. पण त्या कैद्याला एवढ्यात मारू नका." त्यांनी स्वतःची टोपी चाचपली. "उपाय लागू पडला का?"

कान्होजींनी तोंड उघडण्याआधी त्यांची बायको शांताताई चहाचा ट्रे ठेवून मागून आली आणि तिने त्यांची टोपी उचलली. टक्कल कॅमेऱ्यात लख्ख चमकलं.