नवीन काही येईनासं होईपर्यंत

रखमाबाईंना म्हणे स्वप्नात विमानातून मीठ पेरणारा नवरा दिसतो. नवव्या मुलाखतीत हे ऐकलं आणि कल्पिताने कपाळालाच हात लावला.

लावणारच हो. आठव्या बाईपर्यंत सगळं कसं छान जुळत आलं होतं. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरात उभं आयुष्य काढलेल्या बायकांना म्हातारपणी कसली स्वप्नं पडतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. किती बायकांना विचारायचं याचा ठरीव आकडा नसतो. गाईड दर्शना मॅडमनी सांगितलं होतं की ऐकत जायचं, आणि नवीन बाई भेटूनही नवीन काही हाती लागेनासं झालं की त्याला सॅच्युरेशन म्हणायचं आणि थांबायचं. आठही जणींच्या स्वप्नात भरतीचं पाणी चढत होतं, बांध फुटत होता आणि पाय जागचे हलत नव्हते. आणखी दोघीतिघींनी तेच सांगितलं की सुटलो, असा तिचा हिशोब. दिवाळीपर्यंत प्रबंध गेला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती, म्हणजे एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात.

पण आठवी मुलाखत आटपून ती मिठागरातल्याच जुन्या सगुणामावशींकडे पाणी प्यायला टेकली आणि तिथेच घात झाला. मावशींनी विचारलं, आता परत कधी? हिने आनंदाच्या भरात अख्खं सॅच्युरेशन समजावून दिलं. मावशींना त्यातलं नेमकं तेवढंच कळलं, की जिच्या दारी जुनंच ऐकायला मिळेल, तिथून ही पोरगी कायमची माघारी जाणार. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

आता पोरगी आपल्यापाशी येऊन थांबली, हा डाग कोण लावून घेणार? शिवाय दुपारच्या निवांत वेळी शेजारी बसून, मध्ये एक शब्द न बोलता ऐकणारं दुसरं होतं तरी कोण? सुना कामावर, नातवंडं मोबाईलमध्ये. मग काय, बायका जेवल्या जेवल्या आडव्या व्हायला लागल्या. कुणाची खाडी दह्यासारखी विरजली, कुणाच्या अंगणात चांदण्यांचं मीठ पडलं आणि ते झाडूने गोळा करता करता उजाडलं. गोविंदाच्या आईने तर स्वप्न अर्धंच सांगितलं आणि उरलेलं सोमवारी पडेल असं कळवलं.

दर्शना मॅडम म्हणाल्या, नवीन येतंय तर थांबता येणार नाही, पुढची मुलाखत झाली की रेकॉर्डिंग मलाच पाठव. कल्पिताला हायसं वाटलं, आणि हायसं का वाटलं म्हणून ती स्वतःवरच चिडली.

हा काय प्रकार आहे ते विचारायला ती ठाकुर्लीच्या आपल्या घरून थेट सगुणामावशींकडे गेली. मावशींनी आधी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण पोटभर वाढलं. मग तिने मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं, भिंतीला पाठ टेकली आणि पहिला प्रश्न विचारला. पंखा डुलत होता, खाडीवरून खारा वारा येत होता, मावशी सावकाश, जात्यावर बसल्यासारख्या लयीत बोलत होत्या. जाग आली तेव्हा अंगावर गोधडी होती आणि बाहेर दिवेलागण झाली होती.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मावशी म्हणाल्या, यंत्र चालूच ठेवलं होतं, सगळं नीट भरलंय. बिचारीने ते न ऐकताच मॅडमना धाडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "हे ऐक," एवढंच म्हणून त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. आधी बारीकसं घोरणं, मग मावशींचा आवाज. यंत्र रिकामं जाऊ नये म्हणून त्यांनी कल्पिताचेच प्रश्न कल्पिताला विचारले होते.

"तुला कंचा सपान परतं गो?"

"कागद." हा तिचा स्वतःचा, झोपेने जड झालेला आवाज. "पांढरे कागद. लांबपर्यंत. मला काही लिहिताच येत नाही, मावशी."

"मंग थांबत का नय?"

"थांबले तर लिहावं लागेल ना."

गोधडी अंगावर ओढल्याची सळसळ ऐकू आली. "आमी पन तेच करतो गो," मावशी हळूच म्हणाल्या. "तू थांबू नये म्हनून नवीन नवीन सांगतो. खरा सपान बांधाचाच. सगल्यांना."

कल्पिताला फोन कानाला धरवेना. डोळे भरून आले, आणि हसूही येत होतं.

"मॅडम, सॉरी. मी पुन्हा जाते, नव्याने मुलाखत..."

"कशाला? मावशींनी फार उत्तम घेतलीये," मॅडम म्हणाल्या. "फक्त यात नवीन काही नाही. माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याने मला हेच कोऱ्या कागदांचं स्वप्न सांगितलंय. मी माझ्या गाईडना हेच सांगितलं होतं. सॅच्युरेशन झालं, कल्पिता. लिहायला बस."