बहिणीचा रकाना

दारव्ह्यात कुठलीही सरकारी योजना आली की पहिला अर्ज आमच्या शेजारच्या भोयरकाकांचा असतो. लाभ घ्यायचा नसतो. आपण पात्र आहोत की नाही, एवढंच त्यांना पाहायचं असतं. शेळीपालनाच्या यादीत त्यांचं नाव लागलं तेव्हा ते पंचायत समितीत जाऊन म्हणाले, "बकऱ्या नको मले. मी नियमात बसतो का, तेवढं पाहून राह्यलो होतो." शेळ्यांना ते चांगलेच घाबरतात.

काका भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. उभी हयात लोकांच्या शेतांचे धुरे, म्हणजे बांध, मोजण्यात गेली, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट एक तर हद्दीच्या आत असते, नाही तर बाहेर, अशी त्यांची पक्की समजूत आहे. लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला 'बाई' म्हणतात, म्हणून ती सगळ्या मोहल्ल्याचीच बाई. वय सत्तरीच्या पुढे, आवाज मात्र पार बसस्टँडपर्यंत जाईल असा.

मी हायस्कूलात इंग्रजी शिकवते. त्यामुळे काकांचा मोबाइल घेऊन आमच्याकडे येणं नेहमीचंच. एका सकाळी आले ते चप्पलही न काढता ओट्यावर बसले.

"मॅडम, हे वाचा. थायलंडवाले म्हणते, पन्नाशीच्या वरचा माणूस असंन तर या अन् राहा आमच्याकडं."

मी वाचलं. खरंच होतं. निवृत्त लोकांसाठी वेगळा व्हिसा होता आणि अटींची लांबलचक यादी होती.

"पाह्यलं?" काका म्हणाले. "इथं वय झालं म्हणून ऑफिसातून काढलं. तिथं वय झालं म्हणून घेऊन राह्यले."

झालं. त्या दिवसापासून काकांना दुसरा विषय राहिला नाही. पेन्शनचा कागद, बँकेचा कागद, फोटो, सगळं एका हिरव्या फायलीत जमू लागलं. वैद्यकीय दाखल्याची गंमत तर सगळ्या गावाला कळली. महारोग नाही, क्षय नाही, हत्तीपाय नाही, असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं होतं. डॉक्टरांनी त्यांना पायजमा वर करायला लावला, दोन्ही पोटऱ्या पाहिल्या आणि दाखला दिला. पुढचे आठ दिवस बाजारात कोणी "काय काका, बरं आहे का?" विचारलं की काका सांगायचे, "हत्तीपाय नाही. कागद आहे माह्यापाशी."

पोलिसांचा दाखलाही लागत होता. ठाण्यातल्या हवालदाराने विचारलं, "काका, आयुष्यात एकही भांडण नाही?"

"मोजणीत शिव्या लय खाल्ल्या," काका म्हणाले. "दिल्या नाही."

बाई हे सगळं दारात तूर निवडत ऐकायची. "बापू, तिकडं ज्वारीची भाकर भेटते का?" ती भावाला विचारायची. "नसंन भेटत तर मी कायले येऊ?"

"तू ये तर खरी. पीठ घेऊन जाऊ."

बाईला सोबत न्यायचं, हे त्यांनी बाहेर कोणाला मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही असतं हेच त्यांच्या डोक्यात नव्हतं. अडचण कळली ती व्हिसाचं काम पाहणाऱ्या नागपूरच्या एजंटाकडून अर्ज परत आल्यावर. सोबत येणाऱ्यांच्या जागी दोनच रकाने होते, पत्नी आणि मुलं. काकांनी 'पत्नी' शब्दावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती आणि वर 'बहीण' लिहिलं होतं. एजंटाने फोनवर सांगितलं, "काका, तुम्ही एकदम फिट आहात. बहीण मात्र चालत नाही."

"काहून चालत नाही? घरचीच आहे."

"त्यांच्या नियमात बहीण कुटुंबात येत नाही."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. बाईने भिंतीवरून मला हाक मारून सांगितलं, "याले समजव थोडं. जाऊ दे म्हणा एकट्यानं. मी करीन माह्यं."

समजवायला जावं तोच काका स्वतः आले. सोबत कोरे कागद. "मॅडम, दिल्लीत त्यांच्या वकिलातीला पत्र लिहायचं आहे. मी सांगतो, तुमी इंग्रजीत करा."

मी पेन घेतलं. ते खुर्चीत ताठ बसले, साक्षीला बसावं तसे.

"लिहा. मी चार वर्षांचा होतो तवा माय गेली. बाई दहाची. तिचं नाव शाळेतून काढलं, मग दोन वर्षांनी माह्यं घातलं. मी वर्गात रडत होतो म्हणून ती रोज खिडकीखाली बसे. बसून बसून तिचे तीसपर्यंत पाढे पाठ झाले. माह्ये अजून होत नाही." ते थांबले. "हे लिहू नका. नाही, लिहा."

मी लिहिलं.

"कळंबले तिची सोयरीक जमली होती. पोरगा चांगला होता. बाई म्हणे, भाऊ दहावी झाला की मी येईन. तो थांबला नाही. त्याले दोष नाही देत मी, थांबावं तरी किती. पण मंग माह्यासाठी सोयरिकी आल्या तवा पोरीवाले विचारत, बहीण इथंच राहणार काय? मी म्हणे, हो. ते चहा पिऊन जात." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मॅडम, एवढं सारं इंग्रजीत बसते ना?"

"बसतं," मी म्हणाले. आणि दुसरा कागद घेतला.

उत्तर आलं. दोन ओळींचं, पण आदराने लिहिलेलं. आपल्या भावना समजल्या, तशी तरतूद मात्र नाही. काकांनी ते दोनदा वाचून घेतलं, फायलीत लावलं आणि फायलीची नाडी बांधली.

"मंग मी नाही बसत नियमात," ते म्हणाले.

"काका, तुम्ही बसता. बाई बसत नाहीत."

"तेच म्हणून राह्यलो मी."

मला राहवलं नाही. म्हटलं, कायमचं राहायचं म्हणून एवढे नियम. चार दिवस फिरायला जाणाऱ्याला कोण कोणाची बहीण, हे कोणी विचारत नाही. काकांनी फायलीची नाडी पुन्हा सोडली. नुसतं जाऊन परत येता येतं, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

दिवाळीनंतर दोघं एका सहलीसोबत थायलंडला गेली. बाईने खरंच पाच किलो ज्वारीचं पीठ नेलं. तिसऱ्या दिवशी काकांचा फोटो आला. समुद्रात पोटरीभर पाण्यात दोघं उभी. काका पायजमा वर करून कॅमेऱ्याकडे पाहत हसताहेत. बाईचं कॅमेऱ्याकडे लक्षच नाही. तिची नजर येणाऱ्या लाटेवर आहे, आणि पाण्याकाठी लहान पोराला धरावं तसं तिने पासष्ट वर्षांच्या भावाचं मनगट घट्ट धरलं आहे.